लेमन तुरीचा भाव रोज छापता, मंडालेची बातमी कधी?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परवा १ ऑगस्ट २०२५ च्या तुमच्या अंकात पहिल्या पानावर लोकमान्यांचा फोटो होता. आतल्या एका पानाच्या तळाशी, सोफासेटच्या सेलच्या जाहिरातीला चिकटून, चार ओळी होत्या: म्यानमारमधील आणीबाणी उठवली, डिसेंबरात निवडणूक. या दोन्ही बातम्यांचा मंडालेशी संबंध आहे, हे पान लावणाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं. ते आणून दिलं माझ्या नातवानं.

नातू सहावीत आहे. टिळक पुण्यतिथीला शाळेत भाषण होतं. शेंगांची टरफलं झाली, सिंहगर्जना झाली आणि मग ‘मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले’ हे वाक्य पाठ करता करता तो थांबला. ‘आबा, मंडाले अंदमानच्या बाजूला का?’ मी म्हटलं, नाही रे, ब्रह्मदेशात. त्यानं आईचा मोबाइल घेऊन शोधलं. त्याला सापडले २८ मार्चच्या भूकंपात कोसळलेल्या इमारतींचे फोटो, आणि त्याखाली विमानातून बाँब टाकल्याची बातमी. ‘भूकंप झाल्यावर पण बाँब टाकतात? कोण टाकतं?’ मी सांगितलं, तिथलंच सैन्य. ‘कोणावर?’ तिथल्याच लोकांवर. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. भाषण त्यानं चांगलं केलं, पण ते ‘कोणावर’ माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कात्री तुमच्या हातात आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा रत्नागिरीचा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मशीद बंदरला दाणाबंदरात एका कडधान्याच्या पेढीवर लागलो, आणि बाजार वाशीला हलला तेव्हा पेढीबरोबर मीही खाडी ओलांडली. मेहताजी म्हणूनच निवृत्त झालो. उभी हयात तूर, उडीद, मूग यांच्या वह्या लिहिण्यात गेली. कागदात गुंडाळलेल्या नमुन्याच्या पुड्या उघडायच्या, तळहातावर दाणा पसरायचा, फुंकर मारायची, दाताखाली धरून ओल बघायची. डोळे बांधून हातात दिली तरी सांगेन की ही मोझांबिकची गजरी, ही टांझानियाची अरुषा आणि ही बर्माची लेमन. बाजारात आजही कोणी म्यानमार म्हणत नाही. बर्माच म्हणतात. बर्मा उडीद, त्यात एफएक्यू आणि एसक्यू, म्हणजे साधा दर्जा आणि खास दर्जा. मुंबईच्या उडप्याचा मेदुवडा आणि आपल्या घरचं वरण यांत बर्मा किती आहे, हे मार्केटबाहेरच्या माणसाला माहीत नसतं. २०२१ साली भारत सरकारनं त्या देशाशी करार केला: पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. माल येतो न्हावाशेव्याला आणि चेन्नईला. न्हावाशेव्याचे कंटेनर पाम बीच रोडच्या अलीकडं आपल्याच गाळ्यांसमोर रिकामे होतात.

करार झाला जूनमध्ये. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला तिथल्या लष्करानं निवडून आलेलं सरकार पाडून त्या सरकारच्या नेत्या आँग सान स्यू ची यांना आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना उचललं होतं. नव्या संसदेची पहिली बैठक त्याच दिवशी भरायची होती. त्या सोमवारी आमच्या बाजारात काय बोलणं चाललं होतं ते मला लख्ख आठवतं, कारण त्यात मीही होतो. ‘तूर भडकणार.’ एवढंच. शेठनी विचारलं, वाटेत किती कंटेनर आहेत? मी वही उघडून आकडा सांगितला. माणसं मरतील असं आमच्यापैकी एकाच्याही तोंडी आलं नाही. तेव्हा सुचलं नाही, हे कबूल करून टाकतो.

यांगूनचे एक दलाल आमच्या पेढीला बरीच वर्षं माल द्यायचे. त्यांचे आजोबा गुजरातेतून रंगूनला गेलेले. हिंदी बोलायचे ती गुजरातीच्या चालीवर, मध्येच बर्मी. नाव सांगत नाही, आणि एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. वाशीला आले की हमखास आमच्याकडं जेवायला. आमच्या हिच्या हातची सोलकढी त्यांना फार आवडायची. ‘भाभी, इसमें हमारे यहाँ का खट्टा है,’ म्हणायचे. सत्तापालटानंतर आठवडाभर त्यांचा फोन लागेना. फेसबुक बंद झालं होतं, पुढं तर रात्री एक ते सकाळी नऊ इंटरनेटच तोडायचे. बँका बंद, पैसे अडकलेले, कागदपत्रं अडकलेली. शेठ वैतागलेले. मग एका संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर त्यांचा आवाजाचा मेसेज आला. शब्द एकही नाही. अर्धा मिनिट नुसता भांड्यांचा आवाज. पातेली, झाकणं, डबे, लांबून जवळ येणारा, पुन्हा लांब जाणारा. मला वाटलं चुकून आला. नंतर वाचलं की तिथं रोज रात्री आठ वाजता लोक खिडक्यांत, गॅलऱ्यांत उभे राहून भांडी वाजवत होते. घरात शिरलेलं भूत, अवदसा घालवायला भांडी बडवायची ही त्यांच्याकडची जुनी रीत. या वेळची अवदसा खाकी कपड्यांत आली होती, इतकंच.

वर्षभर आधी, २२ मार्च २०२० ला, आमच्या सोसायटीतही थाळ्या वाजल्या होत्या. मीही स्टीलचं ताट उलथन्यानं बडवलं होतं. त्यामुळं तो आवाज कानाला ओळखीचा होता. आमच्या वाजवण्याला कोणी गोळी घालणार नव्हतं.

ती रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे. फोन बदलला तेव्हा मुलाला सांगितलं, बाकी काही गेलं तरी चालेल, हे तेवढं नव्यावर घे.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगता येण्यासारखं ते नाही, हेही माहीत आहे. डॉक्टर, शिक्षक, रेल्वेचे कामगार, बँकेचे कारकून सगळे कामावर जायचे बंद झाले. लष्करानं रस्त्यावर गोळीबार केला. तरुण पोरं जंगलात गेली आणि बंदूक शिकली. सागाइंग आणि मागवे, जिथली तूर आपल्याकडं येते तेच कोरडे भाग, लढाईचं मैदान झाले. ११ एप्रिल २०२३ रोजी सागाइंगमधल्या पाझीजी गावात लोक एका कचेरीच्या उद्घाटनाला जमले असताना वरून विमानं आली. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात पोरं कितीतरी. यंदा मे महिन्यात त्याच सागाइंगमध्ये, डेपायिन भागातल्या एका गावात, शाळेवर बाँब पडला. वीस विद्यार्थी, दोन शिक्षक. भूकंपानंतर शस्त्रसंधी जाहीर झालेली होती, तरी. सागाइंगची तूर पॉलिश करून मी चाळीस वर्षं लोकांच्या घरी पाठवली, आणि ते गाव नकाशावर बोट ठेवून दाखवायला मला नातू लागला.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या, तुला आत्ताच कसा पुळका आला? बरोबर आहे. उशीरच झालाय. पण उशीर माझ्या एकट्याचा नाही. २०२१ च्या मार्चात तुमच्या पहिल्या पानावर निषेधाची तीन बोटं वर केलेल्या पोरींचे फोटो असायचे. संयुक्त राष्ट्रांत त्या देशाचे राजदूत चो मो तुन यांनी स्वतःच्याच लष्कराविरुद्ध भाषण करून तीन बोटं दाखवली, तीही बातमी मोठी आली. मग युक्रेन आलं, मग गाझा आलं. बर्मा पान एकवरून पान आठवर, आठवरून सोफासेटच्या शेजारी. बातमी शिळी होते हे मला कळतं, भाजीपाल्याच्या मार्केटला लागूनच बसायचो. पण तुरुंगातला माणूस शिळा होत नाही. तो रोज ताजाच आत असतो.

आणि जगानं नजर काढली की हुकूमशहाला ते लगेच समजतं. गेल्या २४ जुलैला अमेरिकेनं त्या लष्कराच्या मर्जीतल्या काही कंपन्यांवरचे आणि माणसांवरचे निर्बंध गुपचूप उठवले. आठवडाभरात तिकडं आणीबाणीही उठली. उठली म्हणजे काय, तर सेनाप्रमुख मिन आँग ह्लाइंग हेच पुन्हा सर्वेसर्वा, फक्त पाटी नवी. साठहून जास्त टाउनशिपमध्ये, म्हणजे आपल्याकडचे तालुके म्हणा, त्याच दिवशी नव्यानं आणीबाणी आणि लष्करी कायदा. निवडणुकीत ‘अडथळा’ आणला तर वर्षानुवर्षं तुरुंग, आणि त्यात कोणी दगावलं तर फाशीपर्यंत शिक्षा, असा कायदा दोनच दिवस आधी केलेला. स्यू चींच्या ज्या पक्षानं २०२० ची निवडणूक जिंकली तो पक्ष नोंदणी केली नाही म्हणून २०२३ च्या मार्चात बरखास्त. आमच्या पिढीनं एक आणीबाणी पाहिलीय, एकवीस महिन्यांची. त्यांची साडेचार वर्षं चालली, सहा-सहा महिन्यांची सात ठिगळं लावून. इंदिराबाईंवर रागावणारे आम्ही, पण १९७७ ला निवडणूक जाहीर केल्यावर त्यांनी विरोधकांना तुरुंगातून बाहेर तरी काढलं. त्या सभांना आम्ही पोरं लोकलच्या टपावर बसून गेलो होतो. इथं विरोधक आत, पक्ष बंद, आणि मतपेटी मात्र तयार. याला निवडणूक म्हणून छापू नका, एवढी माझी पहिली विनंती. अवतरणचिन्हात तरी घाला.

आता मुख्य आक्षेपाकडं येतो. आमच्या कट्ट्यावर, सेक्टरच्या बागेत सकाळी आम्ही सातआठजण बसतो, तिथं हे सगळं बोलून झालंय. एक गृहस्थ म्हणाले, ‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न. बाहेरच्यांनी बोंबलून काय होतं?’

काय होतं, ते मी टिळकांवरूनच सांगतो. १८९७ साली पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. इंग्रजांच्या दृष्टीनं तो पुरता अंतर्गत मामला होता. त्या वेळी ऑक्सफर्डात बसलेल्या मॅक्स म्युलर नावाच्या जर्मन पंडितानं, ज्यानं जन्मात हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नाही, टिळकांच्या वेदकाळावरच्या पुस्तकामुळं त्यांचं नाव ऐकलेलं होतं. त्यानं तुरुंगात ऋग्वेदाची प्रत पाठवली. सर विल्यम हंटर, दादाभाई वगैरेंबरोबर राणीकडं दयेच्या अर्जावर सही केली. टिळक ६ सप्टेंबर १८९८ ला सुटले, मुदतीच्या सहा महिने आधी. शाळेच्या भाषणात टरफलं असतात, ही सही नसते. १९०८ ला मात्र कोणाचंच चाललं नाही. गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस संप केला, तरी बोट गेलीच. मंडालेत ते असताना इकडं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. म्हणजे सही केली की माणूस सुटतो असं माझं म्हणणं नाही. कधी सुटतो, कधी नाही.

बर्मातच बघा. डॅनी फेन्स्टर नावाचा अमेरिकन पत्रकार तिथं पकडला गेला. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याला अकरा वर्षांची शिक्षा ठोठावली, आणि तीन दिवसांत सोडून दिलं, कारण त्याच्यासाठी अमेरिकेतून एक माजी गव्हर्नर थेट जाऊन बसले होते. पुढच्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचे अर्थतज्ज्ञ शॉन टर्नेल, ब्रिटनच्या माजी राजदूत विकी बोमन आणि एक जपानी चित्रपटकार एकाच दिवशी सुटले. ज्याचं नाव बाहेरच्या वर्तमानपत्रात रोज येत होतं, त्याच्यासाठी कुलूप उघडलं. ज्याचं नाव फक्त त्याच्या आईला माहीत आहे, तो अजून आतच आहे. नाव छापण्याला काय किंमत असते, हे मला याहून वेगळं समजावता येणार नाही.

आणि ज्यांना वाचवता आलं नाही तेही सांगायला हवेत. २०२२ च्या जुलैत यांगूनच्या इनसेन तुरुंगात चौघांना फाशी दिली. त्यांत को जिमी हे १९८८ च्या विद्यार्थी चळवळीतले जुने कार्यकर्ते होते, आणि फ्यो झेया तॉ हा हिपहॉप गाणारा, नंतर खासदार झालेला पोरगा. कित्येक दशकांत त्या देशात फाशी झाली नव्हती. देह घरच्यांना दिले नाहीत. हे वाचलं तेव्हा मी ऐरोलीच्या पुलावरून बसनं ठाण्याला चाललो होतो. ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली, त्यांचेही देह घरच्यांना मिळाले नव्हते. जाळून राख पाण्यात टाकली, याच खाडीकडं. बस पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली होती, ओहोटी होती, खाली चिखलात दोन रोहित पक्षी चालत होते. शेजारचा मुलगा रील बघत होता. मला वाटत होतं की त्याला हलवून काहीतरी सांगावं. सांगितलं नाही. उतरलो, सुनेची औषधं घेतली, परत आलो.

कट्ट्यावरचा दुसरा आक्षेप: ‘स्यू ची काही संत नाहीत.’ नाहीतच. २०१७ ला सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना त्याच लष्करानं बांगलादेशात हाकललं, आणि २०१९ च्या डिसेंबरात या बाई हेगच्या न्यायालयात त्याच लष्कराच्या बाजूनं उभ्या राहिल्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता आणि तो आजही गेलेला नाही. वर्ष-सव्वा वर्षात त्याच लष्करानं त्यांना उचललं. पण ज्याचा आपल्याला राग येतो त्यालाही वकील, डॉक्टर आणि पोराचं पत्र मिळायला हवं. दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकलेल्या, १९९३ साली ज्यांना भारतानं नेहरू पुरस्कार दिला अशा या बाईंना यंदा १९ जूनला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. तेहतीस वर्षांची शिक्षा होती, दया म्हणून सत्तावीस केली. वयाचा हिशेब तुम्हीच मांडा. रोहिंग्यांचं दुःख वेगळं काढून ठेवायचं आणि स्यू चींचं वेगळं, हे मात्र मला पटत नाही. दोन्हीकडं बंदूक एकाच हातात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वकिलांनी मिन आँग ह्लाइंग यांच्या अटकेचं वॉरंट मागितलं, ते रोहिंग्यांवरच्या अत्याचारांसाठीच.

तिसरा आक्षेप वजनाचा आहे. आपली सरहद्द त्या देशाला १,६४३ किलोमीटर लागून आहे, ईशान्येत बंडखोर आहेत, चीन टपून बसलाय. दिल्लीला लष्कराशी बोलावंच लागतं. मान्य. मी काही परराष्ट्रमंत्री नाही. पण बोलणं वेगळं आणि तोंड शिवून घेणं वेगळं. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११९ देशांनी त्या लष्कराचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं, आपण तटस्थ. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत पहिल्यांदाच बर्मावर ठराव झाला, बारा बाजूनं. तटस्थ तिघे: चीन, रशिया आणि आपण. संगत बघा. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी २०२३ च्या मे महिन्यात हिशेब मांडला की सत्तापालटानंतर त्या लष्कराकडं एक अब्ज डॉलरचा शस्त्रसाहित्य आणि कच्चा माल बाहेरून गेला. रशिया आणि चीनचा वाटा मोठा, पण त्यात ५ कोटी १० लाख डॉलर भारतातूनही. तूर इकडं येते आणि तिकडं काय जातं, हे वहीची डावी-उजवी बाजू लिहिणाऱ्या माणसाला विचारावंसं वाटणारच. यावर लोकसभेत ठाण्याच्या, रायगडच्या खासदारांनी एक प्रश्न विचारला तर माझं मत फुकट गेलं नाही असं मला वाटेल.

आणि भारत नेहमी असाच गप्प होता असंही नाही. १९८८ ला तिथं विद्यार्थी रस्त्यावर मारले जात होते तेव्हा आपल्या आकाशवाणीची बर्मी सेवा मोकळेपणी बोलायची. जॉर्ज फर्नांडिस यांनी पळून आलेल्या बर्मी विद्यार्थ्यांना दिल्लीत स्वतःच्या सरकारी बंगल्यात ठेवून घेतलं होतं. जॉर्ज म्हणजे आमच्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे, गोदीवाल्यांचे जॉर्ज. आणीबाणीत ते पकडले गेले तेव्हा युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिराबाईंकडं त्यांच्या जिवाची चौकशी केली होती. परक्यांनी केलेल्या त्या चौकशीची फेड त्यांनी परक्या पोरांना जागा देऊन केली असावी, असं मला आपलं वाटतं. (१९८८ च्या त्या उठावाला नोटबंदीनं पेटवलं होतं, हेही एका मेहताजीनं नोंदवायला हवं. १९८७ साली तिथला तेव्हाचा लष्करशहा ने विन याच्या राजवटीनं २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका दिवसात रद्द केल्या आणि नऊ हा आकडा शुभ म्हणून ४५ आणि ९० च्या काढल्या. लोकांची पुंजी गेली. आमच्या जुन्या शेठनी तेव्हा कपाळाला हात लावला होता.)

रत्नागिरीचा माणूस असल्यानं मला हा देश परका कधीच वाटला नाही, तेवढंही सांगतो. आमच्याकडं थिबा पॅलेस आहे. टिळकांना इंग्रजांनी रत्नागिरीच्या मातीतून उचलून मंडालेला नेलं असं म्हणा, आणि मंडालेच्या राजाला उचलून रत्नागिरीला आणलं. १८८५ ला पकडला, १९१६ ला आमच्याच गावात मेला. तीस वर्षं परक्या पावसात बसून समुद्राकडं बघत. त्याची नात टुटू तर पुरती रत्नागिरीकरीण, मराठीच बोलायची. म्हातारपणी तिला बाजारात पाहिल्याचं माझी आई सांगायची. २०१२ साली त्यांचे राष्ट्राध्यक्ष थेइन सेइन रत्नागिरीला येऊन राजाच्या समाधीला नमस्कार करून गेले. एवढ्या जुन्या देवाणघेवाणीनंतर त्यांच्या पोराबाळांची चार ओळींत बोळवण करणं बरं दिसत नाही.

मालावर बहिष्कार घाला, असं मी म्हणणार नाही. तूर पिकवणारा शेतकरी लष्कर नाही. त्याचा उडीद कोणी घेतला नाही तर आधी तोच उपाशी मरेल. पण ज्याचं अन्न आपण खातो त्याची खबर घ्यावी.

आमच्या यांगूनच्या दलालांचा धाकटा २०२४ ला सव्वीस वर्षांचा होता. त्या फेब्रुवारीत लष्करानं सक्तीच्या भरतीचा जुना कायदा बाहेर काढला. पुरुष अठरा ते पस्तीस, बाया अठरा ते सत्तावीस. महिनाभरात मुलगा थायलंडला निघून गेला. कसा गेला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता ते राजकारणावर अवाक्षर लिहीत नाहीत. आमचं एक ठरल्यासारखं झालंय. ते लिहितात, ‘लेमन तेज’ किंवा ‘लेमन मंदा’. मी निवृत्त आहे, मला भावाशी देणंघेणं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी लिहितो, ‘माल ठीक?’ ते लिहितात, ‘माल ठीक.’ माल म्हणजे मुलगा. भूकंपानंतर तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी आलं, ‘बारदान फटा, माल ठीक.’ मंडालेला त्यांच्या बायकोचं माहेर आहे.

थायलंडच्या हद्दीत माए सोत नावाचं गाव आहे. तिथं २००० सालापासून जुन्या राजकीय कैद्यांनी चालवलेली एक संस्था आहे, राजकीय कैदी साहाय्य संघटना असं म्हणू. ते लोक रोज एकच काम करतात: कोण पकडला, कोण मेला, कोणाला किती शिक्षा, नावानिशी लिहून ठेवतात. खात्री होईपर्यंत नाव चढवत नाहीत. मेलेल्यांची सहा हजारांच्या वर नावं झालीत, आत असलेले वीस हजारांच्या वर. मी जन्मभर खतावणी लिहिली, पण अशी खतावणी लिहायला छाती लागते. ती वाचायला मात्र कोणी नाही. भारतातल्या भाषांत तर नाहीच.

म्हणून मागणं असं. तुम्ही जागतिक घडामोडींवर रविवारी लेख छापता, तो मोठा असतो आणि त्यात चीन, अमेरिका, ‘भूराजकीय’ असे शब्द असतात. तो माझ्या बागेतल्या मंडळींपैकी कोणी वाचत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पोस्टकार्डाएवढा चौकोन द्या. एका माणसाचं नाव, वय, धंदा, कुठल्या तुरुंगात, किती वर्षं. मास्तर असेल, नर्स असेल, कवी असेल, रेल्वेचा मोटरमन असेल. फोटो मिळाला तर फोटो. मत नको, अग्रलेख नको. मराठीत लिहून द्यायला कोणी नसेल तर नातू आणि मी बसून लिहून देऊ; त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे, आणि नावांचे उच्चार आम्ही यांगूनहून तपासून घेऊ, लेमन तुरीच्या भावाबरोबर.

पत्रातली सत्तापालटाची, ठरावांची साल-तारीख तपासून घ्या, माझ्यावर विसंबू नका. माझं नाव मात्र छापू नका. मला इथं कोणाची भीती नाही, पण कोपरखैरण्याच्या मेहताजीवरून यांगूनच्या दलालापर्यंत पोहोचायला बाजारातल्या माणसाला दोन फोन पुरतात.

आणि तो चौकोन छापायचा ठरलाच, तर सोफासेटजवळ नको. बाजारभावाच्या रकान्याला लागून द्या, ‘तूर, लेमन’ या ओळीच्या बरोबर खाली. मार्केटमधली माणसं सकाळी पेपर उघडला की आधी तिथंच बघतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
कोपरखैरणे, नवी मुंबई